गरम खूण

चहाचा कप काठापासून बोटभर खाली भरणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. आमच्या मेहकरकडे पाहुण्याच्या कपातून चहा थोडा बशीत उतरलाच पाहिजे, नाहीतर घरच्या बाईला नावं ठेवतात. त्यामुळे मुलुंडच्या वर्कशॉपमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवशी परबकाकांनी माझ्यापुढे ठेवलेला कप पाहून मला वाटलं, माणसाचा हात आखडता दिसतोय.

त्यांनी माझी नजर ओळखली असावी. म्हणाले, “कमी नाही तो. काठोकाठ भरलेला कप घेऊन माणूस बसू शकतो, चालू शकत नाही. इथे सगळ्यांना कप घेऊन गाडीकडे जायचं असतं.”

आणि आपला कप उचलून ते खरोखरच एका उघड्या बोनेटकडे चालायला लागले. एक थेंब सांडला नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील बाजार समितीत मापाडी. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचं धान्य मोजलं आणि त्या कष्टावर मला मेकॅनिकल इंजिनियर केलं. ती पदवी घेऊन मी मुंबईत आलो आणि मुलुंड पश्चिमेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दोन गाळे जोडून केलेल्या या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणून लागलो. गिऱ्हाईकाचं म्हणणं ऐकायचं, लिहून घ्यायचं, काम झालं की समजावून सांगायचं, असं माझं काम. पदवीचा मला अभिमान होता आणि तो चेहऱ्यावर दिसत असणार, कारण परबकाकांनी पहिले दोन महिने माझं नाव विचारलंच नाही. नंतरही “इंजिनियर” अशीच हाक मारायचे. त्या हाकेत टोमणा किती आणि माया किती, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

परबकाका गिअरबॉक्सचे मिस्त्री. त्यातही ऑटोमॅटिक गाड्यांचे. साठीला टेकलेले, बुटके, काटक. अंगात कायम पांढरा, अर्ध्या बाहीचा शर्ट. गॅरेजात पांढरा शर्ट घालणारा मिस्त्री मी पाहिला नव्हता. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, “तेल कुठून उडालं ते मला कळलं पाहिजे ना. काळ्या शर्टावर काय दिसणार?” संध्याकाळी घरी जाताना त्यांचा शर्ट जवळजवळ सकाळइतकाच पांढरा असायचा. त्याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवत नसत.

मूळचे देवगडकडचे. वडील गिरणी कामगार. काका स्वतः आधी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते, मग अकरा वर्षं मस्कतच्या एका गॅरेजात. तिथे सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक. ते भांडुपला परतले तेव्हा मुंबईत अशा गाड्या शोधून सापडत नव्हत्या. चाळीतले लोक म्हणायचे, परब वाळवंटात उंट हाकायला शिकला आणि भांडुपला परत आला. काकांनी काही वर्षं रिक्षांची इंजिनं उघडली आणि वाट पाहिली. पुढे मुंबईचं ट्रॅफिक असं काही वाढलं, की क्लच दाबून दाबून लोकांचे डावे पाय दुखायला लागले. “मग उंटांचे दिवस इले,” असं ते हसत सांगायचे. एरवी काका साधं मुंबईचं मराठी बोलत. फार राग आला किंवा फार जीव लागला, की मालवणी.

त्यांची एक पद्धत होती, आणि ती मोडायची ताकद आमचे मालक जिग्नेशभाई यांच्यातही नव्हती. ऑटोमॅटिक गाडी आली, की काका आधी चपला काढून, सीटवर वर्तमानपत्र घालून आत बसत. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणत. मग सपाट जागेवर उभी करून, इंजिन चालूच ठेवून, ब्रेक दाबून गिअरचा दांडा एकेका जागी नेत. प्रत्येक जागी दोन श्वास थांबत. शेवटी दांडा पार्कमध्ये आणून उतरत आणि डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची लांब पट्टी, बाहेर ओढत. पट्टीवर दोन खुणा असतात. खालची थंड तेलाची, वरची गरम तेलाची. काका गरम खुणेशिवाय दुसरी खूण मानत नसत. “थंड तेल खोटं बोलतं,” म्हणायचे. “माणसासारखंच. कामाला लागल्यावर किती भरतो ते बघायचं.”

पट्टी पुसायला ते गॅरेजातलं फडकं कधी घेत नसत. फडक्याचे धागे सुटतात आणि गिअरबॉक्सच्या बारीक वाटांमध्ये जाऊन अडकतात. काकांकडे जुन्या मलमलीचे रुमालाएवढे पांढरे तुकडे असत. रोज चार. घरी धुऊन, इस्त्री करून आणलेले. पट्टी त्या तुकड्यावर टेकवून ते तेलाचा डाग बघत, बोटांवर चोळत, वास घेत. चांगलं तेल डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. जुनं झालं की चहासारखं. आणि डागात काळे कण दिसले, तर काका काही बोलत नसत. तुकडा हळूच घडी करून खिशात ठेवत. सगळ्या गॅरेजला कळायचं की गिअरबॉक्स गेला.

दुसऱ्या कुणी मोजलेलं त्यांना चालत नसे. जिग्नेशभाईंनी स्वतः पट्टी काढून पाहिली, तरी काका पुन्हा काढणार.

“काका, मी बघितला ना आत्ताच!”

“शेठ, तुमी बघितलात. मी नाय.”

इतकंच कशाला, मध्ये चहा झाला तर स्वतः मोजलेलंही पुन्हा मोजत. मला तेव्हा हा वेडेपणा वाटायचा.

एकदा एक तरुण गृहस्थ मोठी, नवीकोरी गाडी घेऊन आले. आल्या आल्या हॉर्न. गिअर पडताना धक्का बसतो, म्हणाले. तेल कमी झालं असणार, टॉप-अप करून द्या, मला दहा मिनिटांत निघायचंय. काका म्हणाले, “दहा मिनिटांत नाही होत. तेल गरम व्हायला पाहिजे.” ते चिडले. काकांनी त्यांनाच चालवायला सांगितलं आणि शेजारी बसले. मी मागे. इस्टेटच्या गेटाशी गाडी मागे घेताना ते गृहस्थ गाडी पुरती थांबायच्या आतच दांडा रिव्हर्समधून पुढच्या गिअरला ओढत होते. दर वेळी धाडकन आवाज. परत आल्यावर पट्टी काढली, तेल खुणेवर अगदी बरोबर.

“मग? भरा ना थोडं,” ते म्हणाले.

“ह्या गाडीत तेल कमी नाही साहेब.” काका पट्टी पुसत म्हणाले. “दोन श्वास कमी आहेत. गाडी थांबली की एक, दांडा सरकवला की एक. तेवढे घाला.”

जिग्नेशभाईंनी कपाळावर हात मारला. गिऱ्हाईक गेलं असं आम्हा सगळ्यांना वाटलं. महिन्याभराने ते गृहस्थ पुन्हा आले, या वेळी हॉर्न न वाजवता, आणि काकांसाठी मिठाईचा पुडा घेऊन. काकांनी पुडा उघडून सगळ्यांना वाटला, स्वतः अर्धा पेढा घेतला. जेवणातही त्यांचं तसंच होतं. डब्यात बांगड्याचे दोन तुकडे असले, तर एक कुणाच्या तरी ताटलीत जायचा. “पोटाला पण खूण असते,” म्हणायचे.

पण मला खरे परबकाका दिसले ते माझ्या एका चुकीमुळे.

नेने मॅडम आमच्या जुन्या गिऱ्हाईक. ऐरोलीच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा डावा पाय अधू झाला होता. काठी घेऊन चालायच्या. मुलुंडहून खाडीवरच्या पुलावरून रोज ऐरोलीला जायचं तर त्यांना गाडी हवी, आणि गाडी ऑटोमॅटिकच हवी, कारण क्लच दाबायला पाय नाही. त्यांची गाडी बारा वर्षं जुनी होती, पण काकांनी ती अशी ठेवली होती की गिअर बदलल्याचं कळायचंही नाही. त्यांचे पुण्याचे भाऊ गाडी वापरू नकोस म्हणून मागे लागले होते. मॅडम एकदा मला सांगत होत्या, “दादाचं म्हणणं, आता रिक्षाने जा, नाहीतर नोकरी सोड. मी त्याला सांगितलंय, गाडीने ज्या दिवशी मला रस्त्यात सोडलं, त्या दिवशी तुझं ऐकेन.” हे त्या हसत म्हणाल्या होत्या. मीही हसलो होतो.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी काका गावच्या जत्रेला आठ दिवस गेले होते, आणि नेमकी मॅडमची गाडी गिअरचं तेल बदलायला आली. काका येईपर्यंत थांबा, असं मी म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, मी इंजिनियर आहे, पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. जुनं तेल काढलं. नवं तेल एकेका लिटरच्या डब्यात येतं. असे पाच डबे आणले होते. पुस्तकातल्या मापाने चार पूर्ण गेले, पाचवा अर्ध्याहून जास्त उरला. इंजिन चालू करून मी पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या बरंच खाली. गाडी नुकतीच सुरू केलेली, तेल थंड, तापल्यावर ते फुगून वर चढणार, हे मला कळत होतं. पण माझी नजर हातातल्या डब्यावर होती. हे तेल मॅडमचं. त्यांच्यासाठी आणलेलं. अर्धा डबा मी परत शेल्फवर ठेवला, तर तो उद्या दुसऱ्याच्या गाडीत जाणार. मला ते चोरीसारखं वाटलं.

आमच्या घरी पायलीने ज्वारी द्यायची, तर वडील ती कधी सपाट करत नसत. वर शीग लावायची, दाणे काठावरून घरंगळू लागेपर्यंत. माप सपाट केलं की घेणाऱ्याच्या मनात शंका राहते, असं ते म्हणत. मी त्या घरातला. मी पाचवा डबा उलटा धरून शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. थंड असतानाच तेल गरम खुणेवर पोचलं. मला फार समाधान वाटलं. पाचही रिकामे डबे मी मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, “वा, प्रामाणिक आहात तुम्ही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. ऐरोलीच्या पुलाच्या चढावर गाडी थांबली होती. त्या सांगत होत्या, “मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतेय, इंजिन ओरडतंय, पण गाडी पुढेच जात नाही. खालून धूर येतोय हो.” मागे हॉर्नचा नुसता कल्ला ऐकू येत होता. मी टोइंगची गाडी पाठवली. मॅडम रिक्षाने वर्कशॉपला आल्या आणि काउंटरपाशी, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसल्या. त्यांनी शाळेला फोन केला. मग बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, “दादाला अजून सांगितलं नाहीये. आधी तुम्ही काय सांगता ते बघू. गिअरबॉक्स गेला असेल, तर माझी गाडी गेलीच. या वयाच्या गाडीत कोण नवा गिअरबॉक्स घालतं?”

माझं नशीब असं, की परबकाका त्याच सकाळी गावाहून आले होते. कोकमाची पिशवी अजून टेबलावरच होती. मॅडमना नमस्कार करून ते थेट गाडीखाली वाकले. गिअरबॉक्सच्या वरच्या, हवा बाहेर पडायला ठेवलेल्या श्वासाच्या भोकातून तेल उसळून बाहेर आलं होतं आणि गरम सायलेन्सरवर पडून जळलं होतं. तोच धूर.

मी मागून म्हणालो, “काका, गळलंय बरंच. कमी झालं असेल. वरून अर्धा लिटर भरू का?”

काका झटकन वळले. त्यांच्या हाताखाली काढलेल्या पाच वर्षांत त्यांचा आवाज मी चढलेला ऐकला तो एवढाच. “हात लाव नको! एक थेंब जरी घातलंस ना, मेल्या, तर बघ!”

सगळं गॅरेज थबकलं. काकांनी इंजिन सुरू करून पट्टी काढली आणि मलमलीवर न टेकवता माझ्या डोळ्यांसमोर धरली. तेल खुणेच्या कितीतरी वर होतं. आणि ते तेल नव्हतंच. फिकट गुलाबी फेस होता. बारीक बारीक बुडबुडे.

“काय दिसतं?”

“फेस.”

“ताक.” काका म्हणाले. आवाज आता खाली आला होता. “तेल खालच्या भांड्यात राहायला पाहिजे. त्याच्या वर दात्यांची चाकं फिरतात. तेल जास्त झालं की चाकं त्यात बुडतात आणि रवीसारखी घुसळतात. तेलात हवा शिरते. आता ऑटोमॅटिकमध्ये क्लच कोण दाबतो? तेल दाबतं. आतल्या चकत्यांना धरून ठेवतं. पण हवा दाबली की दबते. मग चकत्या धरणार कोण? त्या घसरतात. इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. तेल कमी असलं तरी नेमकं हेच होतं. म्हणून लोक काय करतात?”

“अजून ओततात,” मी म्हणालो.

“आणि मारून टाकतात.” त्यांनी पट्टी परत आत घातली. “किती डबे?”

“पाच.”

“पाचवो पण रिकामो?”

“हो.”

“कित्याक?”

मी खाली बघून सगळं सांगितलं. उरलेलं तेल मॅडमचं होतं, हे. आणि वडिलांची पायली, शीग, सगळंच. का सांगितलं कोण जाणे. मला वाटलं होतं, ते हसतील किंवा चिडतील. काका म्हणाले, “तुझ्या बापाचा काय चुकला नाय. ज्वारीक शीग लावतत. गिअरबॉक्साक नाय लावत.”

मग ते थांबले. इंजिन बंद करून तासभर नुसते थांबले, फेस बसेपर्यंत. चकत्या जळल्या आहेत का, हे त्याआधी कळणार नव्हतं. तो तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. काउंटरपाशी मॅडम बसलेल्या, आणि मला त्यांच्या समोरून जायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात जिग्नेशभाईंनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते माणूस वाईट नव्हते. पण धंदा त्यांचा होता. म्हणाले, “बघा काका, गाडी बारा वर्षांची. सील जुना झाला होता, गळला, असा सांगू. काम आपण फुकटमध्ये करून देऊ. मॅडम पण खूश. हा पोरगा पण वाचेल. एकदा गिऱ्हाईकाला सांगितला की आपणच बिघडवला, तर उद्या सगळी सोसायटी बोलेल.”

मला कबूल करायला हवं की त्या क्षणी माझ्या मनाने सुटकेचा श्वास टाकला. मी काकांकडे पाहिलं. काकांनी खिशातून मलमलीचे चारही तुकडे काढले आणि जिग्नेशभाईंच्या टेबलावर ठेवले. घड्या सुद्धा नीट केल्या.

“हे काय काका?”

“शेठ, मी ह्याच्यावर दिसतं तेवढंच सांगतो. आज जर जे दिसतं ते सांगायचं नसेल, तर हे मला कशाला पाहिजेत?” त्यांचा स्वर अगदी साधा होता, जेवायला चला म्हणावं तसा. “सील जुना झाला म्हटलं, तर बाईंचा गाडीवरचा विश्वास जाणार. घरी भाऊ म्हणतोच आहे, गाडी सोड. गाडीचा काही दोष नाही. आपल्या चुकीसाठी तिने गाडी सोडायची?”

जिग्नेशभाईंनी ते तुकडे उचलून काकांच्या हातात दिले. “तुमी पण ना काका,” एवढंच म्हणाले.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता काका मॅडमना सांगतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जा. सांगून ये.”

“मी?”

“डबा कोणी उलटा केला? मी?”

मी गेलो. मॅडमसमोर उभा राहून, शाळेत चूक कबूल करावी तसं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “नेमकं किती जास्त?”

“अर्ध्या लिटरहून थोडं जास्त.”

“आणि का?”

“ते तुमचं होतं म्हणून.”

त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला सांगता येणार नाही. राग होता. त्याखाली आणखी काहीतरी होतं. त्या म्हणाल्या, “वर्गात एखादा मुलगा उत्तर बरोबर आलं की तिथे थांबत नाही, पुढे आणखी दोन पायऱ्या लिहितो आणि उत्तर घालवतो. तुम्ही तसले आहात.” आणि मग हळू आवाजात, “गिअरबॉक्स वाचला का?”

“अजून माहीत नाही.”

“मग मी थांबते.”

तासाने काकांनी पट्टी काढली. या वेळी मलमलीचा एक तुकडा बोनेटच्या कडेवर पसरला आणि तेलाचा थेंब त्यावर पडू दिला. मॅडम काठी टेकत तिथवर आल्या होत्या. आम्ही सगळे त्या डागाकडे बघत होतो. डाग पसरला. कडा फिकी, मध्ये लाल. थोडा करपट वास. काका वाकले, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून बघितलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो, तुकड्याची घडी करून खिशात ठेवतात का.

त्यांनी तुकडा उचलून मॅडमच्या हातात दिला. “बघा. कण नाय. वाचला. बाय, तुमी चढावर जोर काढत बसला नाहीत, लगेच थांबलात, म्हणून वाचला. दुसरा कोण असता तर पूल पार करायच्या नादात जाळला असता.”

मॅडम तो डाग बघत उभ्या राहिल्या. मग काठी असलेल्याच हाताने त्यांनी डोळे पुसले.

काकांनी ते सगळं तेल काढलं. नवं भरलं, खुणेच्या बरंच खाली ठेवून. गाडी फिरवून आणली, पट्टी काढली, चमचाभर भरलं, पुन्हा फिरवली, पुन्हा पट्टी. संध्याकाळ झाली. मग किल्ली त्यांनी मॅडमकडे दिली. “चला. पुलावर.”

“तुम्ही चालवा ना, काका. मी उद्या नेते.”

“गाडी तुमची. भीती पण तुमची. मी चालवून काय उपयोग?”

काका चपला काढून शेजारी बसले. मी मागे. जो चढ सकाळी चढला नव्हता, त्याच्या पायथ्याशी मॅडमनी एकदा काकांकडे पाहिलं. काका समोर खाडीकडे बघत होते, जणू फिरायला निघालेत. गाडी चढायला लागली. गिअर बदलले ते मला कळलेही नाहीत. पुलाच्या माथ्यावर पोचल्यावर मॅडम एकदम हसायला लागल्या, आणि काका म्हणाले, “दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. हसा नंतर.”

त्या रात्री मी वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. ते नीट ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, “असा माणूस भेटला, तर त्याच्यापाशी टिकून राहा.”

मी टिकून राहिलो. त्यानंतर काकांनी मला “गजानन” म्हणायला सुरुवात केली. चूक त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. फक्त डब्यात उरलेलं तेल मी गिऱ्हाईकाला बाटलीत भरून, नाव लिहून परत देऊ लागलो, तेव्हा ते म्हणाले, “ही शीग चालते.” मला त्यांनी हळूहळू सगळं शिकवलं. वास, रंग, कान लावून ऐकणं. पण माझं मोजलेलंही ते पुन्हा मोजतच राहिले. मी पट्टी पुसून आत ठेवायचो, ते येऊन काढायचे. मला आता त्याचा राग येत नसे.

गेल्या वर्षी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन नीट झालं, पण त्यांनी काम सोडून गावी जायचं ठरवलं होतं. काकी आधीच गावी जाऊन घर लावून बसल्या होत्या. निघायच्या दिवशी जिग्नेशभाईंनी हार आणला, तर काकांनी तो पहिल्या गाळ्याच्या शटरला अडकवला. हायवेवर कोकणच्या बसपर्यंत सोडायला रिक्षा बोलवायची होती, पण दुपारीच नेने मॅडम हजर. तीच गाडी. “काकांना मी सोडणार,” म्हणाल्या. “आणि निघण्याआधी तेल बघून घ्या. शाळेतून थेट आलेय, गरम आहे.”

काका पिशव्या डिकीत ठेवत होते. मी आत बसलो, दांडा एकेका जागी नेला, दोन दोन श्वास थांबलो. उतरून पट्टी काढली, मलमलीने पुसली, पुन्हा घालून काढली. लाल, स्वच्छ, गरम खुणेला टेकलेलं.

“काका, बरोबर आहे,” मी म्हणालो, पट्टी परत आत बसवली आणि सवयीने बाजूला झालो, त्यांना बघायला जागा द्यायला.

काका पुढे आले. बोनेटच्या कडेला हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे नाही. मग त्यांनी बोनेट खाली ओढलं, दोन्ही हातांनी दाबून बंद केलं, आणि चपला काढून, त्या हातात घेऊन, गाडीत जाऊन बसले.